बिनपेल्याची फेरी

इंग्लंड-आयर्लंडकडे 'पब क्रॉल' नावाचा एक प्रकार आहे. मित्रमैत्रिणींचा घोळका एका पबमध्ये शिरतो, एकेक पेला घेतो आणि उठून पुढच्या पबची वाट धरतो. आयर्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत तर बारा पबांची फेरी करतात, तीही भडक स्वेटर घालून. गाव लहान असेल तर गंमत आणखी वाढते. रस्ता एकच, त्यामुळे पहिल्या पबमध्ये धक्का मारणारा माणूस चौथ्या पबमध्ये खांद्यावर हात टाकून भेटतो. पिणं हे निमित्त. खरी मजा घोळक्याने हिंडण्यात आणि पुन्हापुन्हा भेटण्यात.

असली फेरी बडोद्यात काढायची म्हटली तर? गुजरातेत दारूबंदी! पण फेरी तिथेही निघते, पेल्याऐवजी हातात सेव-उसळीची ताटली असते एवढंच.

आमच्या सौ.च्या मावशी बडोद्याच्या नागरवाड्यात राहतात. घराणं मूळचं कोकणातलं, गायकवाडांच्या चाकरीसाठी तिकडे गेलेलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो आणि रविवारी संध्याकाळी अकराजणांच्या फेरीत सामील झालो. नियम साधा होता. एका ठिकाणी पोट भरायचं नाही. दोघांत एक ताटली घ्यायची आणि पुढे चालू लागायचं. पंच्याहत्तरीच्या मावशी रिक्षाने पुढच्या मुक्कामावर हजर!

सेव-उसळ म्हणजे आपल्या मिसळीची गुजरातेत नांदायला गेलेली बहीण. वाळवलेल्या पांढऱ्या वाटाण्याची दाट उसळ, वर लसूण-मिरचीची लाल तरी, कांदा, पातीचा कांदा, मूठभर शेव आणि सोबत पाव. 'महाकाळी'चं नाव तर बडोद्याबाहेरही ठाऊक आहे. शहर गुजराती झालं तरी पदार्थाचं नाव मराठीच राहिलं. तिथला गुजराती माणूसही 'उसळ' म्हणतो आणि 'तरी' मागतो. आपल्याकडच्या कानडी घरांतही 'उसळी' आहेच. शब्दांना सीमा कुठे कळतात?

उसळीनंतर कचोरी, मग बडोद्याचा प्रसिद्ध 'लीलो चिवडो', म्हणजे ओलसर, आंबटगोड चिवडा. रावपुऱ्यात दुलीरामचा पेढा खाऊन शेवटी सूरसागराच्या काठावर टेकायचं. तळ्याच्या मधोमध शंकराची भव्य सोनेरी मूर्ती आणि काठावर माणसंच माणसं. बाकावर जागा मिळेना, तर अनोळखी कुटुंबाने सरकून मावशींना बसवून घेतलं.

माझं लक्ष मात्र बोलण्याकडे होतं. गाड्यावर 'भाई, तरी वधारे नाखजो' आणि ताटली हातात आली की लगेच 'अगं, सांडशील!' तिसरीतली नात म्हणाली, 'आजी, मला पाणी जोईए.' मावशी शांतपणे म्हणाल्या, 'जोईए नाही गं, हवंय.' पोरगी हसली. पुढच्या गाड्यावर तिने मुद्दाम मोठ्याने सांगितलं, 'आजी, मला पेढा हवंय!' मग 'हवंय' नाही, 'हवाय' असा दुसरा धडा झाला. शाळा गुजराती-इंग्रजी, मराठीचा तास कुठेच नाही. तो असा चालता चालता, बोटं चाटता चाटता होतो. खडेबाजारात 'स्वल्प हाक्री' म्हणून घरी 'थोडं वाढ' म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं दारूबंदीमुळे घडतं, असा निष्कर्ष मात्र काढायला नको. या कायद्याशी आपलंही जुनं नातं आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. त्याच वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५६पर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाडही त्याच राज्यात होते. म्हणजे आपले आजोबा आणि मावशींचे सासरे एकाच बंदीखाली नांदले. पुढे महाराष्ट्राने आणि म्हैसूर राज्याने साठच्या दशकात बंधनं सैल केली. १९६०मध्ये जन्मलेल्या गुजरातने ती राखली. पण बंदी असूनही २००९मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली आणि २०२२मध्ये बोटाद भागात चाळीसहून अधिक. कायद्याने दुकान बंद होतं, तहान बंद होत नाही.

मावशींच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवानेही काही लपवलं नाही. त्याचे मित्र शनिवारी दमणला जातात, तोही दोनदा गेला होता. 'काका, तिथेही मजा येते. पण परत येताना घरी काय सांगायचं तेच ठरवत बसतो. इथे काही ठरवावं लागत नाही,' तो म्हणाला.

माझ्या वर्गातली मुलं हेच वाक्य गोव्याबद्दल बोलली असती. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि सोमवारी पहिल्या तासाला कोण पेंगतं ते मला फळ्याकडे तोंड करूनही कळतं. आपण त्यांना रागावतो, गाडीची किल्ली काढून घेतो. पण शनिवारची संध्याकाळ आपल्यासोबत घालवायला त्यांना शेवटचं कधी बोलावलं होतं? आपण दूरदर्शनसमोर, ती मोबाइलसमोर आणि आजी देवघरात. पेल्याचा मोह मोठा आहेच, पण त्याहून मोठी असते सोबतीची भूक. घरात ती भागली नाही की पोरं ती बाहेर भागवतात. आणि त्या बाहेरच्या फेरीत आजीला जागा नसते, सात वर्षांच्या नातीलाही नसते. तिची भाषा मग कोण दुरुस्त करणार?

वाचकहो, यासाठी बडोद्याला जायची गरज नाही. बेळगावात मिसळ आहे, कुंदा आहे. हुबळी-धारवाडकडे गिरमिट-मिरची आहे. महिन्यातला एक रविवार ठरवा. दोघांत एक ताटली आणि एका ठिकाणी पोट भरायचं नाही, हा नियम पाळा. पुढचा थांबा कुठला ते मुलांना ठरवू द्या आणि पैसे तुम्ही द्या. आजी-आजोबांसाठी रिक्षा सांगा, नाही म्हणाले तरी सांगा.