पगार गोव्याचा, पण हक्क कुठले?

निकालाचे दिवस आले की आमच्या सावंतवाडी-बांदा-दोडामार्ग पट्ट्यात घराघरात एकच विषय निघतो. इथे काय ठेवलंय, गोव्यात जाऊया. पूर्वी हा विषय एकट्या पोराचा असायचा. बॅग भरली, म्हापशाला मित्राच्या खोलीवर गेला, शनिवारी घरी परत. आता मात्र कुटुंबंच्या कुटुंबं बिऱ्हाड हलवायचा विचार करतायत. गेल्या काही महिन्यांत मला बऱ्याच जणांनी विचारलं, "तुम्ही पत्रकार माणूस, तुम्हाला नियम माहीत असतात. सांगा, जाऊ की नको?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. पोस्ट लांब आहे. पण घर हलवायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो, गोव्याला जाऊ नका असं सांगायला हे लिहीत नाहीये. तसं सांगायचा मला अधिकारही नाही. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ती ८ लाख ४९ हजारांवर आली. देशाची वाढत होती आणि सिंधुदुर्गाची घटत होती. माणसं हौसेनं गेली नाहीत, पोटासाठी गेली. आधी मुंबईला, मग पुण्याला, आता गोव्याला. वेर्ण्याच्या कारखान्यांत, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, मोपा विमानतळावर, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आपली पोरं आहेत आणि चांगलं काम करतायत.

पण मुंबईला जाणं आणि गोव्याला जाणं यात एक मोठा फरक आहे. मुंबई ५०० किलोमीटरवर आहे, पण राज्य तेच. पणजी ५०-६० किलोमीटरवर आहे, पण राज्य दुसरं. भाषा जवळची, देव तेच, रोटी-बेटीचा व्यवहार पिढ्यान् पिढ्यांचा. पेडणे तर अठराव्या शतकापर्यंत सावंतवाडी संस्थानातच होतं. त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडला तरी आपण परक्या राज्यात आलो असं वाटत नाही. गफलत होते ती इथेच. आपल्याला वाटत नाही, पण कागदाला वाटतं. १९६७ च्या जनमत कौलात गोव्यानं वेगळं राहायचं ठरवलं, १९८७ ला ते स्वतंत्र राज्य झालं. ती रेषा नकाशावर आहे तशीच तुमच्या रेशनकार्डावर, दाखल्यावर आणि हॉस्पिटलच्या बिलावरही आहे.

तर हिशेब मांडूया. पहिला पैशांचा.

समजा, इथे हातात १२ हजार मिळतायत आणि गोव्यात २० हजार मिळणार आहेत. फरक ८ हजारांचा. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला.

पहिला पर्याय, बाईकवरून रोज येऊन-जाऊन. जाऊन-येऊन १०० किलोमीटर धरा. महिन्याचे २६ दिवस म्हणजे २,६०० किलोमीटर. पन्नासचं ॲव्हरेज धरलं तर ५२ लिटर. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त, तिथेच भरलं तरी पाच हजार गेले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे महिन्याला आठशे. ८ हजारांतले उरले २,२०० रुपये. त्यासाठी रोजचे तीन तास रस्त्यावर, महिन्याचे ७८ तास. म्हणजे तासाला २८ रुपये. पावसाळ्यात, नाइट शिफ्ट संपवून, डोळ्यावर झोप घेऊन हायवेवर गाडी हाणायची ही किंमत. या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या मी लिहितो. मला त्या २८ रुपयांत परवडणाऱ्या वाटत नाहीत.

दुसरा पर्याय, कुटुंब घेऊन भाड्यानं राहायचं. एक खोली आणि स्वयंपाकघर, भाडं ८ हजार धरा. लाइट-पाणी-गॅस दीड हजार, किराणा-भाजी-मासळी ७ हजार, मुलाच्या शाळेचे दीड हजार, गावी यायचे-जायचे हजार. झाले १९ हजार. हातात राहिले एक हजार. गावात १२ हजारांत काय होतं? भाडं नाही. तांदूळ घरचा, नारळ घरचे, परड्यात चार भाज्या. वरखर्च आठ हजारांत भागला तर चार हजार उरतात. २० हजारवाल्यापेक्षा १२ हजारवाल्याच्या हातात जास्त.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल की घाबरवतोय. एकटा मुलगा चौघांत खोली घेऊन राहिला, खोलीचे अडीच हजार, खानावळीचे साडेचार, वरखर्च दीड, तर त्याचे साडेअकरा हजार सहज उरतात. नवरा-बायको दोघंही कमावणार असतील तरीही गणित पूर्ण फिरतं. मग प्रश्न एवढाच की मूल कोण सांभाळणार. गावात आजी सांभाळते, तिचा पगार कोणी हिशेबात धरत नाही. तिकडे तोच खर्च रोख द्यावा लागतो. गोव्यात वीजही स्वस्त आहे, तिथे महावितरण नाही, सरकारचं वीज खातं आहे. हे सगळं खरं आहे आणि ते जमेच्या बाजूला लिहा.

आता दुसरा हिशेब, जो फारसं कोणी मांडत नाही. हक्कांचा.

आरोग्य घ्या. आपल्या जिल्ह्याचा पेशंट सिरियस झाला की गाडी बांबोळीला जाते, हे काय नवीन सांगायचं. पण जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटना शुल्क लागू झालं. तुम्ही म्हणाल, आम्ही तिथेच राहायला गेलो तर? गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. योजना चांगली आहे. पण अट पाच वर्षांच्या वास्तव्याची आहे. पहिली पाच वर्षं तुम्ही भाडं गोव्यात भरणार आणि कार्ड मात्र मिळणार नाही.

बायकांच्या योजनेचं बघा. आपल्याकडे लाडकी बहीण, महिना १,५०० रुपये, पण महाराष्ट्रात राहणारीला. गोव्यात गृह आधार, तेही १,५०० रुपये, पण १५ वर्षं गोव्यात राहिलेल्यांना. रक्कम तीच, दोन्ही राज्यांच्या मध्ये १५ वर्षांची दरी. गोवा सरकारच्या नोकरीलाही १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं. आपल्याला कोकणी अवघड नाही, पण १५ वर्षं काही पाठ करून येत नाहीत.

सगळ्यात जास्त फटका मुलांना बसतो. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. गोव्यात राज्याच्या जागांसाठी साधारणपणे १० वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. सरकारी बदलीवाल्यांना वगैरे सवलती असतात, कंपनीत कामाला असलेल्याला नसतात. आता समजा मूल आठवीत आहे आणि तुम्ही गेलात. दहावी-बारावी तिकडे झाली. महाराष्ट्र म्हणणार, दहावी आमच्याकडची नाही. गोवा म्हणणार, वर्षं भरली नाहीत. पोरगी ना धड इकडची ना धड तिकडची. तिचे मार्क कमी नव्हते, चूक तिची नव्हती. बापानं पगाराची स्लिप बघितली आणि प्रॉस्पेक्टस बघितलं नाही. शिवाय गोव्यानं २०२५ पासून सहावी ते दहावीचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू केलं, आपलं जूनमध्ये सुरू होतं. मे महिन्यात दाखला घेऊन गेलात तर वर्ग आधीच सुरू झालेला असेल.

जातीच्या दाखल्याचंही तेच. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथे आरक्षणाचा लाभ मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. उदाहरण आपल्या जवळचंच आहे. कुणबी महाराष्ट्रात ओबीसीत, तर गोव्यात २००३ पासून अनुसूचित जमातीत. नाव एक, पण सिंधुदुर्गातला कुणबी नाका ओलांडून गेला म्हणून तिथल्या यादीत बसत नाही. इकडचा लाभ मात्र तिकडे नेता येत नाही.

गाडीचंही लक्षात ठेवा. एमएच ०७ ची गाडी कायमची तिकडे ठेवणार असाल तर १२ महिन्यांनंतर तिथल्या नंबरवर करून घ्यावी लागते. आपल्या आरटीओची एनओसी, तिकडचा टॅक्स, इकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. भाड्याच्या घरासाठी पोलिसांकडे भाडेकरू पडताळणी आहेच.

काही गोष्टी मात्र राज्याची रेषा मानत नाहीत, त्या ओळखून ठेवा. पीएफ केंद्राचा, नंबर तोच चालतो. ईएसआयसी केंद्राचं, २१ हजारांपर्यंत पगार असेल तर लागू होतं, मडगावला त्यांचं हॉस्पिटल आहे. रेशनचं धान्य 'एक देश एक रेशनकार्ड' मुळे दुसऱ्या राज्यात उचलता येतं. म्हणून नोकरी बघताना पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा. पीएफ आणि ईएसआयसीचा नंबर पहिल्या महिन्यापासून मिळणार का? ठेकेदार "बघू नंतर" म्हणाला तर त्या २० हजारांतून हॉस्पिटलचा खर्च तुमचा तुम्हालाच वजा करायचा आहे.

यात गोव्याला शिव्या देण्यासारखं काही नाही. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांचं ते राज्य. आपली तिजोरी आधी आपल्या लोकांसाठी असं त्यांनी म्हटलं तर त्यात चूक काय? महाराष्ट्रही १५ वर्षांचं डोमिसाईल मागतोच. माझा राग आहे तो आपल्या लोकप्रतिनिधींवर. तिलारीचं धरण दोन राज्यांनी मिळून बांधलं, पाणी वाटून घ्यायचा करार झाला. पाण्यासाठी करार होतो, मग माणसांसाठी का होत नाही? सिंधुदुर्गच्या पेशंटचं बांबोळीतलं बिल महाराष्ट्रानं थेट गोव्याला चुकतं करावं, पेशंटनं खिडकीवर पैसे मोजू नयेत. सीमेवरच्या तालुक्यांतल्या मुलांची दहावी कुठल्याही बाजूची असो, दोहोंपैकी एका राज्यानं तरी त्यांना आपलं म्हणावं. कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळेला बांदा-दोडामार्गातून बस असावी. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, चांगली गोष्ट आहे. पण तिथे तज्ज्ञ डॉक्टर टिकले तरच बांबोळीची धाव थांबेल. मध्यंतरी दोडामार्गच गोव्यात विलीन करा अशी मागणी झाली, तेव्हा काहींनी ती हसण्यावारी नेली. लोक आपलं राज्य सोडायची भाषा का करतात, हे विचारायला कोण आलं?

निवडणुकीत प्रत्येक जण "इथेच रोजगार आणतो" म्हणतो. आणा, हार घालायला आम्ही येऊ. पण तोपर्यंत जी माणसं रोज सीमा ओलांडतायत त्यांच्यासाठी काय, हे पुढच्या सभेत उभं राहून विचारा.

आणि ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी माझं मत थोडक्यात सांगतो. एकटे असाल, पंचविशीच्या आत असाल, तर जा. चार वर्षं काम शिका, पैसे बाजूला टाका. रोज ये-जा करायची असेल तर आधी तासांचा हिशेब करा, नाइट शिफ्टला तरी तिकडे खोली बघा. मूल लहान असेल, दोघांना काम असेल, तर जा, पण पूर्ण जा. भाडेकरार नोंदवा, आधारचा पत्ता बदला, मतदार यादीसाठी ८ नंबरचा फॉर्म भरा. ५, १०, १५ वर्षं मोजायची वेळ येईल तेव्हा तारीख कागदावरची धरली जाते, सामान उतरवलं त्या दिवसाची नाही. अर्धा पाय इकडे, अर्धा तिकडे ठेवून दोन्हीकडचे लाभ मिळतील असं समजू नका. खोट्या पत्त्याच्या नादाला लागू नका, प्रवेशाच्या वेळी तोच दाखला अंगाशी येतो. आणि मूल आठवी ते बारावीत असेल तर माझं स्पष्ट मत आहे. बारावी होईपर्यंत बिऱ्हाड हलवू नका. फार तर एकानं जावं, घर इथेच राहू दे.

एक वही घ्या. डाव्या पानावर पगारातला फरक लिहा. उजव्या पानावर इथून जाताना काय सुटणार आणि ते तिकडे किती वर्षांनी मिळणार ते लिहा. नवरा-बायको, आई-वडील आणि मूल मोठं असेल तर तेही, सगळ्यांनी बसून ती दोन्ही पानं वाचा. मग खुशाल निर्णय घ्या. जायचं ठरलं तर चांगल्या मनानं जा. राहायचं ठरलं तर मागे पडलो असं मानू नका.