एकरी किती, एवढेच नव्हे



तीस वर्षे मी या भागात गावोगाव हिंडलो. बांधावर पोचलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "एकरी किती आले?" सोयाबीनचे विचारले, हळदीचे विचारले, कापसाचे विचारले. खात्याला तो आकडा लागतो आणि तुमचे घरही त्याच आकड्यावर चालते. पण ज्या साली आकडाच हाती येत नाही, त्या साली माणसाने कशाच्या आधारावर उभे राहायचे? हे मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते. ते कयाधूकाठच्या एका घराने शिकवले.

ऐन काढणीत पाऊस लागून राहिला. सोयाबीनचे दाणे शेंगेतच उगवले. घरचा कर्ता माणूस बाजेवर पडून राहू लागला. रानाकडे जाईना, कोणाशी बोलेना. मी जाऊन पंचनाम्याचे, विम्याचे सांगितले. त्याने नुसती मान हलवली.

शेजारी मात्र सल्ला द्यायला आले नाहीत, सावडीला आले. दोघांनी बैल आणले, एकाने तिफण, एकाने बियाणे. वाफसा येताच त्याच्या रानात हरभरा पेरून दिला. घरच्या माउलीने सगळ्यांना पिठले-भाकरी वाढली. त्या दिवशी तो बांधापर्यंत आला.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो. त्याची लेक शाळेतून आली होती. तिच्यासमोर हरभऱ्याचे एक रोप मुळासकट अलगद काढले. मुळावरची एक गाठ नखाने फोडली. आत लालसर गुलाबी रंग दिसला. मी म्हणालो, "बाळ, हा रंग दिसला की समजावे, गाठीतले जिवाणू कामावर आहेत. हवेतला नत्र धरून ते रोपाला देतात." पोर डोळे मोठे करून बघत राहिली. तेवढ्यात बाप वाकला. दुसरे रोप काढून त्याने स्वतः गाठ फोडली. म्हणाला, "साहेब, कळतं झाल्यापासून हरभरा पेरतोय, पण हे कधी बघितलंच नव्हतं."

कर्ज होते तेवढेच राहिले होते. पण त्या माणसाचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला!

खरे तर ही शिकवण आपल्या मातीतलीच. आपल्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांच्या घरी गंगाखेडच्या जनाबाई दळण-कांडण करीत. त्याच काळातले सावता माळी अरणच्या मळ्यात राबत. काम उरकून मग देव शोधू, असे ते म्हणाले नाहीत. कामातच त्यांना तो भेटला. आपल्या आया-आज्यांनीही तेच केले. पहाटेचे दळण काही सुखाचे नव्हते, पण त्या गात दळत, आणि दुःखही ओवीतच सांगत. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. कष्ट करणाऱ्या बायांच्या मनात केवढे भांडार होते, बघा!

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करा. रानात गेल्यावर घटकाभर नुसते बघा, तण आणि किडीचा हिशेब मग. सोबत पोरांना न्या. रात्रीचे एक जेवण सर्वांनी मिळून करा, त्या ताटावर भावाचा आणि कर्जाचा विषय नको. आणि ज्याच्या घरी वाईट दिवस आहेत, त्याच्या कामाला हात लावा.

एक मात्र लक्षात ठेवा. कोणाची झोप उडाली, जेवण तुटले, जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर "होईल बरा" म्हणून बसू नका. त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येते. हा आजार आहे, त्यात लाज कसली?

मीही आता माझा प्रश्न बदलला आहे. बांधावर गेलो की आधी विचारतो, "आज रानात नवीन काय दिसलं?"

एकरी किती, ते मागाहून.