कपाटाची किल्ली कोणाकडे?

जूनमध्ये शाळा उघडल्या की समाजवादी कार्यकर्ते खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांसाठी पुस्तके गोळा करावयास निघतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शहरातल्या घरांतून त्यांच्या खोक्यांत येऊन पडते ते काय? जुनी गाइडे, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, कोणा पुढाऱ्याच्या षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ. रद्दीवाल्याने जे नाखुषीने उचलले असते ते शेतमजुराच्या मुलीला ज्ञान म्हणून द्यावयाचे आणि वर समारंभ करावयाचा, याला समाजवादी कार्यक्रम म्हणता येणार नाही. दानावर उभे राहिलेले वर्गग्रंथालय दात्याची सोय पाहते. सहा वर्षांच्या मुलीला काय वाचता येईल हे पाहत नाही.

शिवाय या मोहिमांमुळे सरकार आयतेच सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असेल आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असतील, असे स्पष्ट नमूद आहे. जो कायद्याने हक्क ठरला त्याची भिक्षा का मागावयाची? २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली तेव्हा ग्रंथालयासाठी शाळेच्या पातळीनुसार वार्षिक ५,००० ते २०,००० रुपये ठरले. अर्थात प्राथमिक शाळेच्या वाट्याला तळची रक्कम आली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणासाठी मागितलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के २०२० च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा आश्वासन म्हणूनच छापले गेले.

रक्कम तोकडी आहे आणि ती वाढवून मागितलीच पाहिजे. तरीही ५,००० रुपये म्हणजे शून्य नव्हे. पन्नास रुपयांची पातळ, ठळक अक्षरांची, चित्रांची १०० पुस्तके त्यात येतात. चार वर्गांना प्रत्येकी २५. ती भिंतीलगत सुतळीवर टांगली तर कपाटाचाही खर्च नको. एका केंद्रातील दहा शाळांनी निरनिराळी पुस्तके घेऊन पेट्यांची अदलाबदल केली, तर तेवढ्याच पैशांत प्रत्येक शाळेपुढे वर्षभरात हजार पुस्तके येतात. ही कल्पना काही नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, आणि पुढे त्या संस्थानातील खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जाऊ लागली. संस्थानिकाला जे साधले ते लोकनियुक्त जिल्हा परिषदांना अवघड का वाटावे?

खरे कारण पैशापेक्षा हिशेबाच्या पद्धतीत आहे. पुस्तक शाळेत आले की त्याची नोंद खुर्ची, टेबल आणि घंटा यांच्या पंक्तीला, डेडस्टॉक रजिस्टरात होते. या शब्दातच मृत साठा आहे! एकदा नोंद झाली की ते फाटता कामा नये, हरवता कामा नये. तपासणीत नग कमी भरला तर जाब मुख्याध्यापकाला. मग तो कुलूप लावतो, आणि त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. व्यवस्थेने त्याला वाचक नव्हे, नग सांभाळावयास सांगितले आहे.

वस्तुतः पन्नास रुपयांचे पुस्तक २५ मुलांनी वाचून फाडले तर दर वाचनाला दोन रुपये पडले. तेच पुस्तक दहा वर्षे कुलपात कोरे राहिले तर त्या खर्चाला भागावयास वाचक शून्य आहेत. खुद्द केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, वाचावयास दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांची हानी वाजवी मानली आहे. ही सवलत मोठ्या माणसांच्या ग्रंथालयांसाठी झाली. पहिली-दुसरीच्या वर्गात ती कैक पटींनी अधिक हवी. तेथील पुस्तके खडूप्रमाणे खपणारी वस्तू म्हणूनच लिहिली गेली पाहिजेत.

हे घडवून आणावयास नवा कायदाही लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि शाळा विकास आराखडा हीच समिती करते. अनुदान जूनमध्ये हाती पडावे, पुस्तकांची निवड वरून न होता वर्गशिक्षकाने करावी आणि फाटलेली पुस्तके निर्लेखित करण्याचा अधिकार समितीला मिळावा, असे ठराव तेथे मांडता येतात. कार्यकर्त्यांनी येत्या जूनमध्ये खोकी घेऊन दारोदार फिरण्याऐवजी गावच्या शाळेचे ते रजिस्टर पाहावयास मागावे, आणि गेल्या वर्षभरात एकही पुस्तक फाटले नसेल तर ते का, असे समितीच्या बैठकीत विचारावे.