भाकरीच्या जागी काय?

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण जवळ आले की मत्स्याहारी प्रवाशाची गाडी आपोआप मंदावते. भीमेवर उजनीचे धरण झाले, यशवंतसागराचे पाणी दूरवर पसरले आणि ज्वारी-बाजरीच्या या कोरडवाहू मुलखात मासळीचा मोठा बाजार उभा राहिला. चिलापी, रोहू, कटला, मरळ ही नावे आता येथील लहान मुलांच्याही तोंडी असतात. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी दुपारी रस्त्याकाठच्या हॉटेलांतून मासळीच्या ताटावर बसलेली दिसतात.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसले होते. वाढप्याने तळलेल्या मासळीबरोबर गरम भाकऱ्या आणून ठेवल्या. पन्नाशीच्या आतले कुटुंबप्रमुख म्हणाले, "भाकरी परत न्या, भातही नको. आम्ही कर्बोदके सोडली आहेत." सोबतच्या आजींनी हळूच विचारले, "अरे, मग पोट कशाने भरायचं?" त्यांना कोणी उत्तर दिले नाही. मासळीच्या आणखी दोन बश्या आणि उकडलेली अंडी मात्र आली.

हात धुताना त्या गृहस्थांशी बोलणे झाले. हा प्रकार केवळ बारीक होण्याच्या हौसेतला नव्हता. त्यांचे वडील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले होते. साखर आणि पीठ कर्करोगाच्या पेशींना पोसते, तेव्हा पीठच बंद केले की त्या पेशी उपाशी मरतील, असे त्यांच्या मनाने पक्के घेतले होते. घरात सकाळी अंडी आणि सॉसेज, दुपारी चिकन, रात्री पनीर असा बेत दीड वर्षे चालू होता. वजन नऊ किलोने उतरले होते आणि रक्तातील साखरही सुधारली होती. हे फायदे खरे आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. अतिरिक्त चरबीचा तेरा प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नोंदवले आहे. वजन उतरवणे हे त्या दृष्टीनेही हिताचेच. प्रश्न आहे तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा.

पिष्टमय पदार्थ वर्ज्य करण्याची कल्पना नवी नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग नावाच्या स्थूल गृहस्थाने १८६३ साली भाकरी-पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवल्याची हकीकत छापली आणि तिची साऱ्या युरोपात चर्चा झाली. १९२१ पासून अपस्माराच्या रुग्णांसाठी कीटोजनिक आहार वापरला जाऊ लागला. तो एक वैद्यकीय उपचार होता आणि आजही आहे. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. ॲटकिन्स यांनी तीच दिशा लोकप्रिय केली. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारांतून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेला दोन वेळा जेवण्याचा मार्ग पुष्कळांनी धरला, पण त्याचा भर जेवणाच्या वेळांवर आहे. भाकरी हद्दपार करण्याशी त्याची गल्लत करू नये.

आता 'साखर कर्करोगाला पोसते' या वचनाकडे वळू. त्याला एक शास्त्रीय आधार आहे खरा. ओट्टो वॉर्बुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात ओढून घेतात. परंतु त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकतो. आपण भाकरी खाल्ली नाही तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करते आणि रक्तातील त्याची पातळी टिकवून ठेवते, कारण मेंदूला आणि तांबड्या पेशींना ते लागतेच. ताटातली भाकरी काढून गाठीला उपाशी मारता येत नाही. उलट ज्याला कर्करोग झालेला आहे आणि ज्याचे औषधोपचार चालू आहेत, अशा रुग्णाचे वजन घटणे हीच डॉक्टरांची मोठी चिंता असते. नातेवाइकांनी प्रेमापोटी त्याचे भात-भाकरी-फळे बंद करावी आणि उपचार सोसण्याची त्याची शक्तीच जावी, हे आपल्या ओळखीच्या घरांतूनही घडते. डॉक्टरांना न विचारता रुग्णाच्या ताटातून काहीही काढू नये.

दीर्घ काळाबाबत काय दिसते? अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिक अशा सुमारे एक लाख तीस हजार स्त्री-पुरुषांच्या आहाराचा वीस ते सव्वीस वर्षे मागोवा घेऊन २०१० साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांचे दोन गट पाडले होते. पहिल्याने कर्बोदकांची जागा मुख्यतः प्राणिज प्रथिने आणि चरबी यांनी भरली, दुसऱ्याने डाळी, कडधान्ये, कवचाची फळे, वनस्पतिज तेले यांनी. पहिल्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी अधिक आढळले. दुसऱ्या गटात तशी वाढ दिसली नाही, उलट एकूण मृत्यूंचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे कर्बोदके दोघांनीही कमी केली, पण परिणाम विरुद्ध. २०१८ साली 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्यविषयक पत्रिकेत आलेल्या पंधरा हजारांवर लोकांच्या पाहणीतही असेच निघाले. एकूण उष्मांकांपैकी ५० ते ५५ टक्के कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून फार खाली किंवा फार वर गेले की ते चढत होते. या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. असा आहार घेणारे लोक इतर सवयींतही वेगळे असू शकतात आणि म्हणून यातून कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होतो असे म्हणता येत नाही. तरीही दोन स्वतंत्र पाहण्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: भाकरी गेली याहून तिच्या जागी काय आले हे महत्त्वाचे.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत तर याचे कारणही बऱ्याच अंशी समजलेले आहे. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण आतड्यातील जीवाणू त्यांच्यावर जगतात आणि त्यांतून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे तेच मुख्य इंधन. तंतुमय अन्न मळाला पुढे ढकलते आणि घातक द्रव्यांचा आतड्याशी होणारा संपर्क कमी करते. २०१९ साली 'लॅन्सेट'ने अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू पोटात गेले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगासह अनेक विकारांचा धोका स्पष्टपणे घटतो. दुसरीकडे, सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस २०१५ साली निश्चित कर्करोगकारक ठरवले गेले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ज्या रोगाने वडील नेले, त्याच्यापासून वाचवणारे अन्न ताटाबाहेर गेले होते आणि त्याला आमंत्रण देणारे अन्न सकाळच्या न्याहारीला आले होते!

आपल्या ज्वारीचा हिशेब पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि तितकीच प्रथिने असतात. पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमही नाहीत. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, एक पालेभाजी, कांदा आणि गाजर-काकडी एवढ्यावर पंचवीस ग्रॅमची मजल फारशी दूर राहत नाही. मासळीत आणि अंड्यात तंतू शून्य.

भिगवणहून इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी करीत बार्शीला जाता येते. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची. या दोहोंची तुलना बोलकी आहे. ज्वारी खाणाऱ्या या गावांत कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या मानाने बरेच कमी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग तर फारच विरळ आढळला. याचे सारे श्रेय ज्वारीला देणे शास्त्राला धरून होणार नाही. शेतावरचे कष्ट, सडपातळ बांधा, वेगळी राहणी हे सारे त्यात आहे. शिवाय त्याच गावांतील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग दीर्घकाळ पहिल्या क्रमांकावर होता, हे विसरून 'आमचे पूर्वज निरोगी होते' असे म्हणण्यात अर्थ नाही.

आणि आपल्या ताटाचीही झाडाझडती व्हायला हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात आणि त्यांतील मोठा भाग पांढरा तांदूळ, पीठ आणि साखर यांचा असतो. याच पाहणीने २०२३ साली देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण असल्याचे दाखवले. तेव्हा कर्बोदके कमी करा असे सांगणारा डॉक्टर चुकीचे सांगत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शिरा खाऊन उपवास घडला असे आपण समजतो; व्रताच्या मूळ हेतूशी आणि प्रकृतीशी, दोहोंशीही ही प्रतारणाच आहे. बारामती-इंदापूरच्या ज्या शिवारात ज्वारी डोलत असे, तेथे कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. वालचंदनगर आणि भवानीनगरच्या कारखान्यांनी या भागाला समृद्धी दिली, ती कोणी नाकारू नये. पण चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर आणि दुपारी ब्रेड-बिस्किटे ही सवयही त्याच काळात आपल्या घरात शिरली. काढायचे असेल तर आधी हे काढावे.

भिगवणच्या ताज्या मासळीला मात्र उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. मांसाबाबत जो ठपका आहे, तो तिच्यावर नाही. ती करपवू नये, तेलात बुडवू नये आणि तिच्याबरोबर आलेली भाकरी परत पाठवू नये, एवढेच. आपल्यातील जे शाकाहारी आहेत, त्यांनीही सावध असावे. केवळ पनीर आणि लोण्यावर दिवस काढणे म्हणजे वनस्पतिज आहार नव्हे. दूध-ताक हितकर आहे, पण मटकी, हुलगे, शेंगदाणे, जवस यांची जागा ते घेऊ शकत नाही.

निघताना मी त्या गृहस्थांना विचारले, वडिलांचे निदान कोणत्या वयात झाले होते? "बावन्नाव्या," ते म्हणाले. आई-वडिलांपैकी कोणाला साठीच्या आत हा रोग झाला असेल, तर मुलांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हापासून आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी असे तज्ज्ञ सांगतात. गाठ होण्यापूर्वीचा कोंब त्यात दिसतो आणि तेथेच काढताही येतो. ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. दीड वर्षात त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता. तपासणी मात्र एकदाही करून घेतलेली नव्हती.