यंत्रनगरींतील सावत्र लेक

सावत्र आईच्या जाचांतून सुटून राजाची राणी झालेल्या मुलीची गोष्ट ज्या घरांत ठाऊक नाहीं असें घर विरळाच. युरोपांत तिला सिंड्रेला म्हणतात. पेरो या फ्रेंच लेखकानें १६९७ सालीं तिच्या पायांत कांचेचा जोडा घातला. परंतु त्यापूर्वीं आठशें वर्षांच्या सुमारास चीन देशांतील एका ग्रंथांत येशियान नांवाच्या मुलीचा सोन्याचा जोडा नोंदला गेला होता. मारिसा मायर या अमेरिकन लेखिकेनें 'सिंडर' या कादंबरींत हीच गोष्ट पुन्हां चीनच्याच भूमीवर, पण फार पुढच्या काळांत नेऊन ठेविली आहे. ही कादंबरी २०१२ सालीं निघाली. मुलींच्या हातीं ती दिसली तर 'यंत्रांच्या प्रेमकथा कसल्या वाचतां!' म्हणून ती हिसकावून घेण्याची वडील मंडळींनीं घाई करूं नये, अशी आमची विनंती आहे.

नव्या बीजिंगच्या बाजारांत सिंडर यंत्रें दुरुस्त करिते. तिचा एक हात व एक पाय धातूचा. शरीराचे शेंकडा ३६.२८ भाग मानवी नव्हेत. लाज वाटली तरी तिच्या गालांवर लाली चढत नाहीं, आणि दुःख अनावर झालें तरी डोळ्यांस पाणी येत नाहीं. कायद्यानें ती सावत्र आईच्या मालकीची आहे. शहरांत महामारी पसरलेली असून औषधाच्या प्रयोगांसाठीं अशा यंत्रांगी माणसांना सक्तीनें धरून नेतात. सावत्र आई तिला आपण होऊन तिकडे पाठविते. राजपुत्र तिच्या दुकानीं येतो तो बिघडलेली यंत्रदासी घेऊन, आणि प्रेमाचा आरंभ होतो तो तेलानें माखलेल्या हातांपाशीं.

'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककारानें १९२० सालीं रूढ केला. त्याचें मूळ ज्या चेक शब्दांत आहे त्याचा अर्थ वेठ! आश्रित म्हणून वाढणाऱ्या पोरक्या मुली पहाटेपासून कशा राबत, हें ज्यांनीं जुन्या एकत्र कुटुंबांतून पाहिलें आहे त्यांस सिंड्रेला आणि रोबोट यांचें नातें निराळें समजावून सांगावयास नको. चुलीजवळच्या राखेंत निजणारी ती मुलगी वेठीचीच होती. लेखिकेनें तिला यंत्राचें अंग दिलें, तें आम्हांस म्हणूनच ओढून आणलेलें वाटत नाहीं.

जोड्याचा प्रसंग तर तिनें फारच धीटपणें बदलला आहे. ग्रिम बंधूंच्या कथेंत सावत्र बहिणी जोडा बसावा म्हणून स्वतःचे पाय कापून घेतात. येथें सिंडर राजवाड्यांतील नृत्यसमारंभास जाते ती लहानपणचा, अपुरा पडणारा धातूचा पाय कसाबसा जोडून. आणि पळतांना पायऱ्यांवर तो पायच निखळतो. ज्याच्यापासून तिनें आपलें शरीर आजवर लपविलें, त्याच राजपुत्रासमोर.

परंतु कादंबरीचा जीव आहे तो आयकोंत. ही सिंडरची सखी नखशिखांत यंत्र आहे. तिच्या मनाच्या चकतींत कांहीं दोष राहिल्यामुळें तिला नटण्याची हौस आहे, आणि राजपुत्राचें नांव निघालें कीं ती हुरळून जाते. सावत्र आई तिचे सुटे भाग करून विकते, आणि सिंडरच्या हातीं उरते ती एवढीशी चकती. त्या पानापुढें राजपुत्राचें सारें प्रेमभाषण आम्हांस फिकें वाटलें.

एक गोष्ट मात्र खटकते. सिंडर ही चंद्रावरील राजघराण्याची हरवलेली कन्या निघते. स्वतःच्या हातांच्या कसबावर उभी राहिलेली ही मुलगी राजवंशाची ठरल्यावांचून मोठी होऊं शकत नव्हती काय? पुढच्या तीन भागांत, २०१५ पर्यंत, तो राज्याचा झगडा बराच लांबतो. घाईच्या वाचकांनीं तेथें पानें उलटलीं तरी चालेल.

मात्र २०१७ मध्यें याच लेखिकेनें चित्रांतून सांगितलेल्या एका निराळ्या कादंबरींत आयकोला नायिका केलें. तिला आतां सुंदर देह मिळाला आहे, पराक्रमहि आहे, आणि एका पहारेकऱ्याशीं तिची प्रीतिहि जुळते. तिचें कूळ मात्र कोठेंच निघत नाहीं. कारखान्यांत बनलेलीला तें असणार तरी कोठून!