‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’

मराठीतल्या पीएचडीच्या प्रबंधात पहिल्याच प्रकरणात हे वाक्य हमखास भेटतं. पूर्वी ते लिहायला जरा धाडस लागायचं, कारण त्याआधी दोन-चार ग्रंथालयांतली कार्डं चाळावी लागत. आता शोधगंगेच्या चौकटीत दोन शब्द टाकायचे, निकाल शून्य आला की वाक्य तयार. मार्गदर्शकही मान डोलावतात.

शोधगंगेला नावं ठेवायची नाहीत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने देशभरातले प्रबंध एका जागी आणले आणि नांदेडच्या विद्यार्थ्याला जळगावचा प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागला, ही सोय मोठीच आहे. पण अनेक मराठी प्रबंध तिथे पानांची नुसती चित्रं म्हणून चढवलेले आहेत. आतल्या मजकुरात शोध घेता येत नाही. शीर्षकात तुमचा शब्द नसेल, तर तुमच्यापुरता तो प्रबंध नाहीच.

शीर्षकात असला तरी खात्री नाही. ताराबाई शिंदे यांचं १८८२ सालचं पुस्तक घ्या. ‘स्त्रीपुरुषतुलना’ सलग, ‘स्त्रीपुरुष तुलना’ तोडून, ‘स्त्री-पुरुष तुलना’ मध्ये रेघ देऊन: साध्या शोधयंत्रणेला ही तीन वेगळी पुस्तकं वाटू शकतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो; डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. त्यात आपलं शुद्धलेखन १९६२ मध्ये बदललं. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’ आणि ‘कांहीं’ आहे. जुन्या मजकुरात ‘नाव’ शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार?

परदेशी ग्रंथालयांच्या सूचीत तर वेगळीच गंमत. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण जुन्या नोंदी बहुधा रोमन लिपीत, आणि तीही त्यांच्या ठरलेल्या नियमाने. त्या नियमात ‘च’साठी नुसता सी, ‘छ’साठी सीएच, आणि न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहायचा. म्हणजे चिपळूणकर हवे असतील तर सी-आय-पी-ए-एल-यू-एन-ए-के-ए-आर-ए असं टंकावं लागतं. आपण सवयीने सीएच लावतो आणि ‘अमेरिकेत काही नाही’ म्हणून मोकळे होतो. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जी मराठी पुस्तकं आहेत, तिथे याच्या उलट: नियमच नाही. शीर्षकं रोमनमध्ये, ज्याने नोंद केली त्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी. तिथे चार-पाच स्पेलिंगं करून पाहण्याला पर्याय नाही.

नियतकालिकांचा प्रश्न याहून बिकट. आपलं एकोणिसाव्या शतकातलं वाङ्मय आधी मासिकांत आणि साप्ताहिकांत जगलं. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये निघालं, हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. असे अंक स्कॅन झाले तरी आतल्या एकेका लेखाची नोंद क्वचितच केलेली असते. शिवाय टोपणनावं आहेतच. गडकरी शोधताना गोविंदाग्रज आणि बाळकरामही शोधले पाहिजेत, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी शोधणाऱ्याला आधी थोडं वाङ्मय माहीत असावं लागतं. (मराठीच्या अभ्यासकाला ते माहीत असावं, ही अपेक्षा फार नसावी.)

अलीकडे संशोधन-नियतकालिकांच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी वर्गणी योजनेचा गाजावाजा झाला. ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. विज्ञानवाल्यांसाठी उत्तमच. पण अशा साठ्यांत, किंवा ‘जेस्टोर’मध्येही, मिळतं ते प्रामुख्याने मराठी साहित्याविषयी इंग्रजीत लिहिलेलं. मराठीत झालेली चर्चा तिथे शोधणं म्हणजे पंढरीला जायला निघून कोकण रेल्वेत बसणं.

मग करायचं काय? शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आधी उघडायची. १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची ती विषयवार नोंद आहे, पुढचा खंड १९५० पर्यंत येतो. तिथून नेमकं शीर्षक, साल आणि छापखाना घ्यायचा आणि मग ऑनलाइन जायचं. हा क्रम उलटा केला की फसगत ठरलेली.

मुख्य म्हणजे ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर ओळखायचं. ताराबाईंचं पुस्तक नव्वदेक वर्षं जवळजवळ विस्मृतीत होतं, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं. त्याआधी ‘मराठीत स्त्रीने असं काही लिहिलेलंच नाही’ असं कुणी छातीठोक लिहिलं असतं, तर त्याला खोडायला कोण होतं?

वैद्यकीय संशोधनाचे व्यापक आढावे घेताना कुठे, केव्हा आणि कोणत्या शब्दांनी शोधलं याची नोंद देण्याची रीत आहे. मराठी विभागांनी ती उचलायला हरकत नाही. तेव्हा मार्गदर्शकांना एवढीच विनंती: प्रबंधाला एक पान जोडायला लावा. कोणती साधनं पाहिली, कोणकोणत्या लेखनरूपांनी पाहिली, आणि कोणत्या ग्रंथालयात प्रत्यक्ष जाऊन काय चाळलं. ते पान भरत नसेल, तर पहिल्या प्रकरणातलं ते वाक्य खोडा.