काळाचा घाला आणि हजार रुपयांचे हेल्मेट

मराठी वृत्तपत्रांत रस्त्यावरील मृत्यूची बातमी लिहिण्याची एक ठरीव भाषा आहे. दुचाकीस्वारावर 'काळ घाला घालतो', मागे बसलेला 'दैव बलवत्तर म्हणून' बचावतो, धडक देणारे वाहन बहुधा 'अज्ञात' असते आणि कुटुंबावर 'दुःखाचा डोंगर कोसळतो'. एवढ्या चार वाक्प्रचारांत बातमी पुरी होते. मृताच्या डोक्यावर हेल्मेट होते काय, असल्यास त्याचा पट्टा लावलेला होता काय, रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला मागचा दिवा होता काय, हे वाचकाला कळत नाही. या भाषेवर आमचा आक्षेप आहे, आणि तो केवळ शैलीपुरता नाही. ज्या भाषेत कारणाला जागाच नाही, त्या भाषेत उपायालाही जागा राहत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना हा विषय परका वाटेल. तो परिवहन खात्याचा किंवा फार तर नागरिकशास्त्राचा, असे ते म्हणतील. आमच्या मते तो प्रथम त्यांचाच आहे. शब्द काय सांगतात आणि काय झाकतात हे तपासण्याचा व्यवसाय ज्यांनी पत्करला, त्यांनी रोज सकाळी दारात पडणारा हा मजकूर तपासायचा नाही तर कोणी?

उदाहरणासाठी आम्ही भंडारा जिल्हा घेतो. कोलकात्याकडे जाणारा जुना सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी व साकोली या तिन्ही गावांच्या परिसरातून जातो. त्यावरून परप्रांतीय मालट्रक जातात, वैनगंगेच्या रेतीचे टिप्पर जातात, धानाचे ट्रॅक्टर जातात. आणि त्यांच्याच मधून वरठीच्या पोलाद कारखान्यात, गडेगावच्या वाहननिर्मिती कारखान्यात, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत पाळीला निघालेले कामगार, शाळेला निघालेले शिक्षक आणि रोवणीच्या दिवसांत शेतावर जाणारी कुटुंबे मोटारसायकलवरून जातात. दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. नाटक रात्रभर चालते आणि पहाटेच्या धुक्यात, झोपेने जडावलेल्या डोळ्यांनी, प्रेक्षक दुचाकीवरून घरी परततात. झाडीपट्टी रंगभूमीवर प्रबंध लिहिले जातात, परिसंवाद भरतात. तिचा प्रेक्षक घरी कसा पोचतो हा प्रश्न आमच्या वाचनात तरी आलेला नाही.

आता एका शब्दाकडे वळू. 'हेल्मेटसक्ती' हा सामासिक शब्द मराठी पत्रकारितेने घडवला आणि तो इतका रुळला की कायद्याचे नावच जणू ते आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची तरतूद आहे. इतर शेकडो तरतुदींसारखीच ती एक. डाव्या बाजूने वाहन चालवण्याला कोणी 'डावीसक्ती' म्हणत नाही. लाल दिव्याला थांबण्याला 'थांबासक्ती' म्हणत नाही. हेल्मेटच्या वाट्यालाच 'सक्ती' का यावी? हा शब्द उच्चारताच युक्तिवाद अर्धा संपतो, कारण सक्तीला विरोध करणे हा स्वाभिमानाचा धर्म ठरतो. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत अंमलबजावणी कडक होताच विरोधाचे मोर्चे निघाले, ते याच शब्दाच्या बळावर. त्याआधी २०१६ साली राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली होती. तीही टिकली नाही.

तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीत उतरणारा कामगार डोक्यावर हेल्मेट घालतो; त्यावाचून त्याला आत जाताच येत नाही. त्या नियमाला कोणी 'सक्ती' म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट ती मिळालीच पाहिजे अशी कामगारांची मागणी असते. पाळी संपते, कामगार फाटकाबाहेर येतो, मोटारसायकलला किक मारतो आणि उघड्या डोक्याने ट्रकांच्या गर्दीत शिरतो. तोच माणूस, तेच डोके. फाटकाच्या आत ज्याचे नाव 'सुरक्षा', त्याचेच बाहेर 'सक्ती' कसे होते, याचे उत्तर पदार्थविज्ञानात सापडणार नाही. ते आपल्या शब्दव्यवहारात शोधावे लागेल.

पदार्थविज्ञान या बाबतीत अगदी सरळ आहे. उभ्या माणसाचे डोके जमिनीवर आपटते तेव्हा केवळ गुरुत्वाकर्षणानेच त्याला ताशी सुमारे वीस किलोमीटरचा वेग आलेला असतो. 'आम्ही हळू चालवतो' हे उत्तर म्हणून अपुरे आहे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने होणारा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. हेल्मेटच्या कठीण कवचाखाली फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचा थर असतो. तो चिरडला जातो आणि आघाताची ऊर्जा स्वतःत जिरवतो. एकदा चिरडला की तो पूर्ववत होत नाही, म्हणून आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पट्टा लावला नसेल तर हेल्मेट डोक्याआधी निघून जाते, आणि आरशाला टांगलेले असेल तर ते फक्त आरशाचे रक्षण करते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. ज्याला आपण दैव म्हणतो त्याचा एवढा मोठा हिस्सा बाजारात हजार रुपयांच्या आसपास विकत मिळतो.

'माझे डोके, माझा निर्णय' हा युक्तिवाद वरकरणी उदारमतवादी वाटतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. निर्णयस्वातंत्र्याचा दावा या चौदा हजारांना कसा लागू करायचा? मागे एका बाजूला पाय सोडून, मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला कोणी विचारले होते? पुढच्याने हेल्मेट घातले असले तरी घरात दुसरे हेल्मेट नसते. कायदा चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सांगतो आणि फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलासाठी सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी चाळीसची कमाल वेगमर्यादा घालतो, हे किती घरांना ठाऊक आहे? आणि साकोलीत डोक्याला मार लागला की मोठ्या उपचारासाठी सुमारे शंभर किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. त्या वाटेवर स्वातंत्र्य ज्याचे त्याचे उरत नाही. कर्ज सगळ्या घराचे होते.

साहित्याच्या वाचकांना एक मृत्यू ठाऊक आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना आपल्या मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. १९ मे रोजी तो मरण पावला. डेव्हिड लीनचा १९६२ चा प्रसिद्ध चित्रपट याच अपघाताने सुरू होतो. लॉरेन्सवर चरित्रे निघाली, त्याच्या वेगवेडाची मीमांसा झाली. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूशल्यविशारद होता. त्याने मृत्यूची मीमांसा केली नाही. पुढे सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती मोजल्या आणि १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटचा उपयोग दाखवून दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट अनिवार्य केले. नागरिकांसाठी तो नियम १९७३ साली आला. एकाच मृत्यूचे हे दोन उत्तराधिकार. आपल्या वर्गांत पहिला शिकवला जातो. दुसऱ्याने माणसे वाचवली.

'दुचाकीस्वार' या शब्दातला 'स्वार'ही तपासण्यासारखा आहे. त्याच्यामागे घोडा आहे, दौड आहे, मर्दानगी आहे. जयंती असो, निवडणूक असो, झेंडे लावून निघणाऱ्या दुचाकी फेऱ्यांत ही प्रतिमा चढते: एका गाडीवर तिघे, एकाच्याही डोक्यावर काही नाही आणि पुढे नेता, तोही उघड्या डोक्याचा. इतिहासाचा हवाला देणाऱ्यांना इतिहासच दाखवावा. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली पोलादी टोप घातला होता, ही परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. त्या सावधगिरीला कोणी भ्याडपणा म्हटले नाही. त्यांच्याच नावाने निघालेल्या फेरीत मात्र हेल्मेट घालणारा भित्रा ठरतो.

दुसऱ्या टोकाला नवे 'रायडर' आहेत. हिवाळ्यातल्या रविवारी नागपूरहून नागझिऱ्याकडे, गोसेखुर्दकडे, आंबागडाकडे मोटारसायकलींचे गट निघतात. खांदा, कोपर व पाठ यांना संरक्षक पट्ट्या असलेले जॅकेट, घोटा झाकणारे बूट, तळव्याला जाड आवरण असलेले हातमोजे असा त्यांचा जामानिमा असतो. त्यांच्यावर हसणे सोपे आहे, आणि त्यांच्या प्रवासवर्णनांतील वेगाच्या बढाया हसण्याच्याच लायकीच्या असतात. मात्र त्यातल्या चांगल्या गटांची शिस्त पाहण्याजोगी आहे. पुढे वाट जाणणारा, शेवटी अनुभवी व हत्यारे-औषधे बाळगणारा. मधले एकामागे एक न राहता आडएक बाजूंनी, किमान दोन सेकंदांचे अंतर राखून. नवखा पुढाऱ्याच्या लगेच मागे आणि सगळ्यांचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या बेताने. ज्या समाजाने दिंडीची रांग आणि चोपदाराचा दंड शतकानुशतके मानला, त्याला ही शिस्त परकी वाटू नये.

आमची तक्रार वेगळी आहे. हा जामानिमा प्रतिष्ठेचे चिन्ह झाला आहे. त्यामुळे सुरक्षा ही हौशी, पैसेवाल्यांची बाब आहे असा समज गावात पक्का होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा ते जॅकेट कोणी घालणार नाही, हेही खरे. मग जमेल ते सांगावे: पट्टा लावलेले भारतीय मानक चिन्हाचे हेल्मेट, मागे बसणाऱ्यासाठी दुसरे, चपलेऐवजी बंद बूट, पूर्ण बाहीचे जाड कापड. १ जून २०२१ पासून मानक चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. तरी रस्त्याकडेला टोपल्या भरून स्वस्त कवचे विकली जातात आणि ती घेणारा दंडापासून वाचतो, मृत्यूपासून नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: हेल्मेटवर बोट ठेवणे म्हणजे मेलेल्यालाच दोषी धरणे. आक्षेपात तथ्य आहे. हेल्मेट नसल्याचा हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबन ही शिक्षा कायद्यात आहे, आणि ती वसूल करणे सोपे आहे. बिनदिव्याची ट्रॉली, भरधाव टिप्पर, उखडलेला रस्ता यांचा जाब विचारणे अवघड. सोप्याची मोहीम काढून अवघड टाळणाऱ्या यंत्रणेला आम्ही सूट देत नाही. परंतु 'काळाचा घाला' ही भाषा नेमकी त्याच यंत्रणेला वाचवते. काळ आरोपी झाला की टिप्परचा मालकही सुटतो आणि रस्त्याचा कंत्राटदारही.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे मेली. तेव्हाही 'दुर्दैवी' हा शब्द सर्वत्र वापरला गेला; परंतु लोकांनी त्यावर समाधान मानले नाही. कारण विचारले गेले, चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले. न्याय पुरता झाला असे आम्ही म्हणत नाही. पण कारण विचारण्याचा हक्क तरी बजावला गेला. रस्त्यावर एकेक मरणाऱ्याच्या वाट्याला तो हक्क येत नाही, कारण त्याची बातमी लिहिणाऱ्याच्या हाती शब्द तयार असतात.

म्हणून अध्यापकांना आमची एक सूचना आहे. मराठीच्या वर्गात एका महिन्याच्या स्थानिक वृत्तपत्रांतील अपघाताच्या बातम्या जमवा. काळ, दैव, डोंगर हे शब्द त्यांतून काढून टाका आणि उरलेल्या वाक्यांत कारण सापडते का ते विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. जिथे सापडणार नाही, तिथे वार्ताहराला पत्र लिहायला लावा: हेल्मेट होते का, दिवा होता का, ट्रकचा क्रमांक कोणी टिपला का? हा निबंध परीक्षेत येणार नाही. ज्यांना तो लिहायला लावायचा ती मुले मात्र उद्या सकाळी त्याच महामार्गावरून महाविद्यालयात येणार आहेत.